क्योटोत जुने किमोनो घेताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आम्ही दोघी मायलेकी नोव्हेंबर महिन्यात क्योटोला जाणार आहोत. मुलीला जुने रेशमी किमोनो घ्यायचे आहेत, मात्र ते कपाटात शोभेला न ठेवता प्रत्यक्ष अंगावर घालता यावेत, अशी तिची इच्छा आहे. असे कपडे कुठे मिळतात आणि आमच्यासारख्या अनोळखी ग्राहकांनी जुने कापड कसे पारखावे?

उत्तर : प्रवासाच्या तारखा अजून पक्क्या झाल्या नसतील, तर त्या महिन्याची २१ आणि २५ या दोन तारखा धरून आखाव्यात. दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी या बौद्ध मंदिराच्या आवारात मोठा बाजार भरतो. हा दिवस त्या मंदिराशी जोडलेले आचार्य कूकाई, अर्थात कोबो दाइशी, यांच्या पुण्यतिथीचा आहे, म्हणून बाजारालाही ‘कोबो-सान’ असेच म्हणतात. २५ तारखेला शहराच्या वायव्येकडील कितानो तेनमानगू देवस्थानात ‘तेनजिन-सान’ हा बाजार असतो. तोजी क्योटो स्थानकापासून पायी जाण्याइतके जवळ आहे, तर कितानोला लागूनच निशिजिन हा विणकरांचा जुना भाग आहे. जुन्या कपड्यांचे विक्रेते दोन्हीकडे असतात. पंधरा तारखेला चिओन-जी मंदिरात भरणारा बाजार मात्र हस्तकलेच्या नव्या वस्तूंचा आहे. जुन्या कपड्यांच्या आशेने तिथे गेल्यास निराशा होते.

या तारखा जुळत नसल्यास तेरामाची, शिनक्योगोकू आणि सान्जो या भागांतील दुकाने पाहावीत. तेरामाची म्हणजे जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस शहरातील मंदिरे एका रांगेत आणून वसवलेला रस्ता, आणि शिनक्योगोकू ही १८७२च्या सुमारास त्याला समांतर काढलेली बाजारपेठ. इथल्या जुन्या कपड्यांच्या बऱ्याच दुकानांत अमेरिकन जीन्स, लष्करी जाकिटे आणि स्वेटशर्ट यांचाच भरणा असतो, त्यामुळे ‘जुने कपडे’ एवढ्या पाटीवर विसंबून आत शिरू नये. किमोनो हवे असतील तर केवळ किमोनोच ठेवणारे दुकान शोधावे. तिथे मापे चिठ्ठीवर लिहिलेली असण्याची शक्यता जास्त असते आणि कपडा आधीच स्वच्छ केलेला असू शकतो. बाजारात ताडपत्रीवर ओतलेल्या ढिगात ५०० किंवा १००० येनची पाटी दिसते खरी, पण तिथे पारख सर्वस्वी आपली असते.

ही पारख बाहेरच्या नक्षीवरून नव्हे, तर आतल्या बाजूने करावी. किमोनो उलटा करून प्रथम गळपट्टी, बाह्यांच्या कडा आणि खालचा घेर पाहावा, कारण मळ आणि झीज तिथेच साठते. त्यानंतर कपडा उजेडासमोर धरावा, म्हणजे कसर लागल्याची बारीक भोके लगेच दिसतात. पाठीमागे, बसताना ताण येतो त्या जागी, मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंचे कापड चिमटीत धरून विक्रेत्याच्या परवानगीने अगदी हलके ताणावे. टाक्यांची भोके रुंदावत असतील तर रेशीम विरलेले आहे आणि असा किमोनो पहिल्यांदा खाली बसताच उसवेल. डांबरगोळ्यांचा वास हवेवर काही दिवसांत जातो, परंतु बुरशीचा कुबट वास सहसा जात नाही, त्यामुळे तो येत असेल तर स्वस्ताईचा मोह आवरावा.

आतले अस्तर लालभडक रेशमाचे असेल, तर तो बायकी किमोनो बहुधा दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा समजावा. हे अस्तर दिसायला फार देखणे असते, पण पाणी लागले की त्याचा रंग सुटतो आणि बाहेरच्या कापडावर उतरतो, म्हणून ते घरी धुण्याचा विचारही करू नये. याउलट बाह्यांच्या आणि घेराच्या काठांवर पांढऱ्या दोऱ्याचे लांब कच्चे टाके तसेच राहिलेले दिसले, तर तो किमोनो शिवल्यावर बहुधा एकदाही अंगावर चढलेला नाही. ढीग उपसताना आमची नजर तरी आधी या दोऱ्यांकडे जाते.

आता मापाविषयी. बायकी किमोनोची जास्तीची उंची कमरेशी दुमडून घेता येत असल्याने लांबी थोडी कमी-अधिक चालते. खरी अडचण येते ती बाहीची. मानेमागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंतचे अंतर घरूनच मोजून न्यावे. जुन्या बायकी किमोनोंत हे माप बरेचदा ६० ते ६४ सेंटिमीटरच्या आसपास भरते आणि आजच्या उंच मुलींना ते आखूड पडते. किमोनोचे कापड सुमारे ३६ सेंटिमीटर पन्ह्याचे असते, खांद्याला एक पन्हा आणि बाहीला एक पन्हा एवढेच कापड वापरलेले असते, त्यामुळे शिवणीत दडलेले कापड सोडूनही फारशी वाढ मिळत नाही. शिवाय उसवल्यावर जुन्या घडीची गडद रेघ उमटून राहते. अंगावर घालून पाहताना डावा पदर उजव्यावर येईल असाच घ्यावा. उजवा पदर वर घेण्याची रीत मृतदेहासाठी आहे.

नेसण्याचा सराव नसलेल्यांनी पहिली खरेदी हाओरीची करावी, असे आम्ही आग्रहाने सुचवू. किमोनोवर घालायचा हा पुढून उघडा अंगरखा ओबीच्या पट्ट्याविना, साध्या कपड्यांवरही चालतो. पुरुषांच्या काळ्या हाओरीचे अस्तर जरूर उलटून पाहावे. एदो काळात (१६०३–१८६८) उंची कपड्यांवर निर्बंध आले, तेव्हा हौस अस्तरावर भागवली जाऊ लागली आणि तिथे डोंगर, वाघ, जहाजे अशी चित्रे आली. स्त्रियांसाठी तायशो राजवटीतले (१९१२–२६) आणि त्यापुढच्या शोवा राजवटीच्या आरंभीचे ‘मेइसेन’ रेशीम पाहावे. ते इसेसाकी, चिचिबू, आशिकागा अशा पूर्वेकडील गावांत विणले जाई. क्योटोत मिळते म्हणून क्योटोचे, असे मानण्याचे कारण नाही. उभे धागे विणण्याआधीच रंगवलेले असल्याने त्याच्या नक्षीच्या कडा किंचित धूसर दिसतात आणि कापड दोन्ही बाजूंनी सारखे असते. लांब बाह्यांचा ‘फुरिसोदे’ प्रकारचा किमोनो फोटोत डोळ्यांत भरतो, परंतु तो जड, घालायला किचकट आणि सामानात जागा खाणारा आहे.

प्रश्न : तिथे भाव करता येतो का? पर्यटकांना करसवलत मिळते असेही ऐकले आहे.

उत्तर : दुकानात भाव करू नये. बाजारात दोन-तीन वस्तू एकत्र घेताना नम्रपणे थोडी सूट मागता येते. नाही म्हटले तर विषय तिथेच सोडावा. बाजारासाठी रोख येन जवळ ठेवावेत. उपभोग कर १० टक्के आहे आणि करमाफीचा परवाना असलेल्या दुकानात एका दिवसात करपूर्व ५,००० येन किंवा अधिक रकमेची खरेदी केल्यास पासपोर्ट दाखवून सवलत मिळते. मात्र १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते : दुकानात करासह पूर्ण रक्कम भरायची आणि देश सोडताना सीमाशुल्क तपासणी झाल्यावर कर परत घ्यायचा. त्यामुळे खरेदी केलेले कपडे तपासणीपूर्वी विमानाच्या सामानात देऊन मोकळे होऊ नये.

प्रश्न : किमोनोबरोबर केसांत माळायच्या जुन्या पिना आणि फण्या घेतल्या तर चालेल का?

उत्तर : लाखेच्या, लाकडी किंवा सेल्युलॉइडच्या फण्या खुशाल घ्याव्यात. पिवळसर, पारदर्शक आणि तपकिरी डागांची फणी दिसली तर मात्र थांबावे. ती कासवाच्या कवचाची असू शकते, आणि ज्या समुद्री कासवापासून हे कवच मिळते त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटीस’ या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींविषयीच्या जागतिक करारान्वये बंदी आहे. फणी कितीही जुनी असली, तरी परवान्याविना ती जपानबाहेर नेता येत नाही. विक्रेत्याने प्लास्टिकची असल्याचे तोंडी सांगितले आणि आपली खात्री पटत नसेल, तर ती तिथेच ठेवून पुढे जावे.