चोर सोडून पंपाला फाशी

आधी उत्तर देतो, मग पाल्हाळ लावतो. पेट्रोलचे मोठे पंप एवढ्यात मागवू नका.

तुम्ही लिहिलंय की गाडी २००३ ची मस्टँग कोब्रा, आधीच्या मालकाने ईटनचा सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) काढून ट्विन-स्क्रू जातीचा बसवलेला, बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब १८ पीएसआय, टाकीत वॉलब्रोच्या तासाला २५५ लिटरवाल्या पंपांची जोडी, इंजेक्टर ८० चे. चौथ्या गिअरमध्ये ५५०० आरपीएमच्या पुढे रेल प्रेशर (इंजेक्टरना मिळणारा पेट्रोलचा दाब) ३९ वरून ३० वर येतं, एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ११.६ चा १२.९ होतो, आणि शॉपवाले म्हणतायत की पंप कमी पडतोय, ४६५ ची जोडी टाका. वाचून अंगावर काटा आला हो. माझी २००४ ची ह्याच वाटेने गेली आहे. फरक एवढाच की तुम्ही टेक्ससात आणि मी डेट्रॉइटजवळ, म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फासाठी टाकलेलं मीठ आणि गाडीखाली गंज.

मी मेकॅनिक नाही, ट्यूनर तर मुळीच नाही. नोकरीत इंजिनाशी संबंध येत नाही. जे भोगलं ते सांगतोय, तुमच्या गाडीत दुसरंच काही निघू शकतं. आणि हा प्रश्न सुटेपर्यंत कृपा करून फुल थ्रॉटल मारू नका. बूस्टवर गाडी लीन गेली, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की पिस्टन वितळतात ते वेगळं सांगायला नको. रिटर्नलेस सिस्टीम (जास्तीचं पेट्रोल टाकीत परत न पाठवता पंपाचा वेगच कमीजास्त करणारी) कशी चालते तेही तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो.

आता साधा हिशेब. चाकांवर ६०० एचपी धरू, म्हणजे क्रँकवर साधारण ७००. सुपरचार्जरच्या इंजिनाला एचपीमागे तासाला ०.६५ पौंड पेट्रोल धरायची पद्धत आहे. ७०० गुणिले ०.६५, म्हणजे ४५५ पौंड. गॅलनला ६.२ पौंड धरलं तर तासाला ७३ गॅलन, म्हणजे २७८ लिटर. तुमच्याकडे २५५ चे दोन पंप आहेत. हो, तो आकडा ४० पीएसआयचा आहे आणि १८ च्या बूस्टवर ते ३९ टिकवायला रेलमध्ये ३९ अधिक १८, म्हणजे ५७ लागतात, त्यामुळे प्रवाह घटतो. ते जमेस धरूनही जोडीकडून तासाला ४०० लिटरच्या आसपास यायला हवेत. मग कमी का पडतंय? हा प्रश्न शॉपला पडायला हवा होता. माझ्या वेळी पडला नाही, तुमच्या वेळीही पडलेला दिसत नाही.

कारण कॅटलॉगमधला २५५ हा आकडा पंपाच्या तोंडाशी १३.५ व्होल्ट मिळाले तरच खरा. ११ च्या खाली गेलात की प्रवाहाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त गायब होतो, आणि दाब जितका चढा तितकी ही घट वाढत जाते.

माझ्या शॉपचं नाव घेत नाही. इकडच्या लोकांना कळेलच, आणि मला वकिलाच्या पत्राची हौस नाही. त्यांनी डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजायचं यंत्र) लॉग, म्हणजे सेन्सरच्या आकड्यांची नोंद, काढला. त्यात रेल प्रेशर पडताना दिसत होतं आणि फ्युएल पंप ड्यूटी सायकल (पंपाला किती टक्के वेळ वीज द्यायची तो आकडा) ४९ दाखवत होती. त्यावर मला ऐकवलं की इलेक्ट्रिकल बाजू ठणठणीत आहे, निम्मीच वापरली जातेय, तेव्हा दोष पंपांचाच. ऐकायला किती सरळ वाटतं! पण ह्या काळातल्या फोर्डमध्ये पीसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जो ड्यूटीचा आकडा पाठवतो, तो पंप ड्रायव्हर मॉड्यूल, म्हणजे एफपीडीएम, दुप्पट करून वापरतो. लॉगमधले ५० म्हणजे पंपाला १००. म्हणजे ४९ चा अर्थ असा की कॉम्प्युटर बिचारा गळा काढून ‘सगळं दे’ म्हणतोय आणि तरी दाब चढत नाहीये. जो आकडा वीज कमी पडत असल्याची शंका घ्यायला लावतो, त्याच आकड्यावर त्यांनी विजेला क्लीन चिट दिली. तुमच्या पोस्टमध्येही ४८ लिहिलंय. तुमच्या शॉपने त्याचा काय अर्थ लावला ते विचाराच.

मग काय, टाकी उतरवली, मोठे पंप टाकले, बिल हातात. आणि दाब पहिल्यापेक्षा लवकर पडायला लागला! ५५०० ला पडायचा तो ४८०० लाच.

गावाकडे ज्यांची शेती आहे त्यांना हे लगेच कळेल. डीपीच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज मिळत नाही म्हणून तीनची मोटर पाणी उचलत नाही, आणि आपण तिथे पाचची बसवतो. मोठी मोटर जास्त अँपिअर ओढते, तेवढी त्याच तारेत घट वाढते, आणि होतं तेही पाणी जातं. २५५ ची जोडी फुल लोडला २० अँपिअरच्या आसपास घेते, ४६५ ची जोडी ३० च्या पुढे जाते. वायर तीच, अर्थिंग तेच, आणि मॉड्यूलही तेच एकटं, जे फोर्डने मुळात ३९० एचपीच्या गाडीसाठी दिलं होतं. पुढे २००७ च्या जीटी५०० मध्ये फोर्डनेच दोन पंपांना दोन मॉड्यूल दिली, ती काही शोभेसाठी नव्हेत.

शॉपचं पुढचं म्हणणं, पंपांची जोडी डिफेक्टिव्ह असावी. पुन्हा टाकी खाली, पुन्हा मजुरी. मी लॉगची फाइल मागितली तर ती आमची प्रॉपर्टी आहे म्हणाले. पैसे मी मोजायचे, गाडी माझी, आणि लॉग त्यांचा! पैसे परत मागितले तेव्हा मॅनेजरने बिलावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं: ‘ग्राहकाच्या मागणीनुसार पंप अपग्रेड’. तेव्हा एक बाजूचा सल्ला फुकट घ्या, वर्क ऑर्डरवर सही करण्यापूर्वी कामाच्या वर्णनाचा शब्द न् शब्द वाचा. तिथे ‘लोडवर रेल प्रेशर पडण्याचं कारण शोधणे’ असं लिहून घ्या. ऑगस्टमधली वुडवर्डची ड्रीम क्रूझ (हौशी गाड्यांची इथली मोठी मिरवणूक) त्या वर्षी मी फुटपाथवर खुर्ची टाकून पाहिली, ते दुःख वेगळंच.

शेवटी कारण सापडलं ते समोरच्या घरातल्या निवृत्त गृहस्थांमुळे. आयुष्य कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून गेलेलं. त्यांनी पंपाबद्दल एक शब्द विचारला नाही. मीटर आणला आणि म्हणाले, आधी बॅटरीवर किती आणि पंपाच्या प्लगवर किती ते बघू. मोठ्या पंपांनी मॉड्यूल तापून बंद पडायला लागलं होतं, म्हणून तोवर मी २५५ ची जोडी परत बसवून घेतली होती. तर फुल लोडला बॅटरीवर १३.८ आणि पंपाच्या प्लगवर १०.४. तीन व्होल्टच्या वर वाटेत गळत होते. दीड व्होल्ट पुढून येणाऱ्या पॉझिटिव्ह वायरीत आणि तिच्या जोडांत, १.३ अर्थमध्ये, उरलेले मॉड्यूल आणि टाकीवरच्या प्लगात. डिकीतल्या अर्थच्या बोल्टला पाना लावला तर बोल्ट अर्धा फेरा सहज फिरला. रिंग टर्मिनल उचललं तर खाली हिरवट पांढरी पूड, आणि पत्र्यावर कंपनीचा रंग जसाच्या तसा. एवढ्याशा जागेतून वीस अँपिअर जायची अपेक्षा होती.

तुम्ही हेच मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं डिकीतल्या एफपीडीएमच्या इनपुटवर. मधे जो आकडा दिसेल ती त्या तारेतली घट. मग तसंच मॉड्यूलच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. दोन्ही मिळून अर्धा व्होल्ट असेल तर ठीक, एकच्या वर असेल तर चोर घरातच आहे. मात्र हे लोडवर मोजायचं. आयडलला सगळ्या वायरी साधुसंत असतात. मॉड्यूल ते पंप ह्या भागात वीज तुकड्या-तुकड्याने जाते, त्यामुळे तिथला आकडा फुल ड्यूटीलाच खरा माना. डायनो मिळाला तर उत्तम. रस्त्यावरच मोजायचं असेल तर मीटरचं मिन-मॅक्स बटण दाबून ठेवा आणि लीन व्हायच्या आत पाय काढा. गाडी चालवता चालवता मीटर बघायला जाऊ नका. बॅटरीवरच १३ च्या खाली दिसलं तर प्रश्न अल्टरनेटरचा आहे, माझं बाकीचं पुराण सोडून द्या.

आणखी एक, फुकटचा तपास. रेलवरच्या प्रेशर सेन्सरला मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणारा भाग) एक बारीक व्हॅक्यूमची नळी येते. ती चिरली असेल किंवा निसटत असेल तर सेन्सरला बूस्टचा पत्ताच लागत नाही. सुपरचार्जर बदलताना ती हमखास हलवलेली असते. सगळ्यात आधी तीच बघा.

वायरच दोषी निघाली तर बॅटरीपासून डिकीपर्यंत नवी जाड वायर ओढा, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, डिकीत रिले आणि अर्थ घासून उघड्या केलेल्या पत्र्यावर. रिलेला ट्रिगर जुन्या वायरीतूनच द्यायचा आणि तो इनर्शिया स्विचमधून (धक्का बसला की वीज तोडणारा) वीज बाहेर पडते त्या बाजूने घ्यायचा. काही महाभाग तो स्विचच बायपास करतात. अपघातात पंप बंद व्हावा म्हणूनच तो दिलेला आहे, तिथे शहाणपणा नको. जुन्या वायरीवर नुसता मोठा फ्यूज टाकणारा भेटला तर त्याच्याकडून गाडी ताबडतोब परत आणा.

बूस्ट-अ-पंपबद्दल कोणीतरी खाली सुचवलंय. माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. ती पेटी पंपाला जास्त व्होल्ट देते हे खरं, पण ते व्होल्ट ती त्याच वायरीतून जास्त अँपिअर ओढून तयार करते. वायरिंग चांगलं असेल तर उत्तम वस्तू, सडक्या वायरिंगवर मात्र आगीतून फुफाट्यात. रिटर्न लाइन टाकून पूर्ण सिस्टीम बदलणं चाकांवर ७०० च्या पुढे जायचं असेल तरच. त्याआधी तो खर्च मला हौसेचा वाटतो.

ई८५ (बरंचसं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) टाकायचा विचार आहे असंही तुम्ही लिहिलंय. तिथे हिशेब बदलतो. साधारण तिसरा हिस्सा जास्त इंधन लागतं, म्हणजे आपले २७८ चे ३६५-३७० होतात, आणि मग मोठ्या पंपांचा विषय खरोखर निघू शकतो, पण वायरिंग झाल्यावर. इकडे पेट्रोल पंपावरच्या ई८५ मध्ये इथेनॉल ५१ ते ८३ टक्के असू शकतं, त्यामुळे इथेनॉल सेन्सरशिवाय त्या वाटेला जाऊ नका. आणि कॉर्व्हेट झी०६ वाल्यांचे सल्ले कॉपी करू नका. त्या २०१५ च्या एलटी४ इंजिनात डायरेक्ट इंजेक्शन आहे, कॅमवर चालणारा हाय प्रेशर पंप आहे, त्यांचं दुखणं निराळं.

टाकी उघडायची वेळ आलीच तर आत फक्त ३०आर१० छापलेली (पेट्रोलमध्ये बुडून टिकणारी) नळी वापरा. बाहेरची ३०आर९ कितीही चांगली असली तरी पेट्रोलमध्ये बुडाली की बाहेरून फुगते आणि चिरते. मग आतल्या आत गळती होऊन दाब पडतो, आणि परत कोणीतरी म्हणतं पंप बदला. माझ्या शॉपने कुठली टाकली होती ते तुम्ही ओळखलं असेलच.

आरपीएम, रेल प्रेशर, पंप ड्यूटी आणि बॅटरी व्होल्टेज हे चारही एकाच पुलमधले (फुल थ्रॉटलच्या एकाच धावेतले) असतील असा लॉग काढा आणि इथेच टाका. शॉप फाइल देत नसेल तर स्क्रीनचा फोटो काढलात तरी चालेल. एफपीडीएमच्या प्लगवर कुठली पिन कशाची ते मी शनिवारी डिकीचं अस्तर काढून बघतो आणि फोटो टाकतो. आठवणीवर सांगून तुमचं मॉड्यूल जाळायला नको.