कोऱ्या कागदावर सही नको: कमावता माणूस गेल्यावरचे प्रश्न

गेल्या दोन-तीन महिन्यांत आलेले निम्मे प्रश्न एकाच गोष्टीवर आहेत, घरातलं कमावतं माणूस गेलं, आता आम्हाला काय मिळतं. आणि जी काही माहिती मिळालेली असते ती शेजाऱ्याने, ठेकेदाराने नाहीतर सेतूच्या बाहेर खुर्ची टाकून बसलेल्या एजंटने दिलेली. म्हणून सगळे एकत्र घेते. मी कामगार कोर्टात वकिली करते, त्यामुळे माझा ओढा कुठे आहे ते उत्तरांच्या लांबीवरून कळेलच.

लाडकी बहीण चालू आहे. मिस्टर गेल्यावर संजय गांधी निराधारचाही फॉर्म भरला तर दोन्ही मिळतील का?

नाही. दोन्हीकडे महिन्याला १,५०० च आहेत, निराधारचे तेवढे मिळायला लागले की लाडकी बहीण बंद. कुठली ठेवायची ते तहसीलच्या संजय गांधी शाखेत विचारून ठरवा, मैत्रिणीला विचारून नको.

मिस्टर एका कंपनीत चौदा महिने होते, पीएफ कटायचा. हार्ट अटॅकने गेले. कंपनीतले म्हणतात दहा वर्षं झाली नाहीत म्हणून पेन्शन नाही, फक्त पीएफचे पैसे काढून घ्या. खरं आहे का?

अर्धवट खरं आहे, म्हणून जास्त घातक आहे. दहा वर्षांची अट माणसाला स्वतःला ५८ नंतर पेन्शन हवी असेल तेव्हाची. नोकरीत असताना माणूस गेला तर विधवा पेन्शनसाठी एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरते. किमान १,००० रुपये महिना, म्हणजे रक्कम फुटकळच आहे हे मान्य, पण ती तुम्हाला आयुष्यभर आहे (दुसरं लग्न केलं तर थांबते) आणि शिवाय दोन मुलांना वयाच्या २५ वर्षांपर्यंत तुमच्या पेन्शनच्या २५-२५ टक्के वेगळे.

आणि जे त्यांनी सांगितलंच नाही ते त्याहून मोठं आहे. पीएफसोबत ईडीएलआय नावाचा विमा असतो, त्याचा हप्ता कंपनी भरते त्यामुळे पगाराच्या स्लिपवर दिसत नाही आणि कुणाच्या लक्षातही राहत नाही. मृत्यूच्या आधी सलग १२ महिने नोकरी झालेली असेल तर किमान अडीच लाख, जास्तीत जास्त सात लाख. तुमचे चौदा महिने भरलेत. फॉर्म तीन आहेत, पीएफसाठी २०, पेन्शनसाठी १०डी, विम्यासाठी ५आयएफ, तिन्ही मागा. कंपनी सही द्यायला टाळाटाळ करत असेल तर पीएफचा यूएएन नंबर आणि मृत्यूचा दाखला घेऊन स्वतः पीएफ ऑफिसला जा. पासबुकात मधले महिने रिकामे दिसले तर तेही तिथेच लेखी सांगा, कारण पगारातून कापून न भरणं हा गुन्हा आहे, "अकाऊंटचं काहीतरी राहिलं असेल" नव्हे.

आमचं रेशन कार्ड गावचं आहे, आता मुलांना घेऊन भावाकडे शहरात आलेय. इथे धान्य मिळेल का?

मिळेल, कार्डाला आधार जोडलेलं असेल तर कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून.

नवरा सेंट्रिंगच्या कामावर होता, चौथ्या मजल्यावरून पडून गेला. वय ३५. ठेकेदाराने दोन लाख दिले आणि पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली की यापुढे काही मागणार नाही. तो म्हणतो नवरा दारू प्यायलेला होता, खरं तर एक रुपयाही मिळाला नसता. आता काही करता येईल का?

येईल. ताई, हे उत्तर जरा लांब होणार आहे, कारण हाच स्टॅम्प पेपर मी इतक्या वेळा बघितलाय की मजकूर तोंडपाठ आहे. "माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही, मी राजीखुशीने ही रक्कम स्वीकारत आहे." एका केसमध्ये बाई बारावी पास, बँकेत व्यवस्थित सही करणारी, आणि कागदावर अंगठा. मी विचारलं अंगठा का दिलात, तर म्हणाली शाईचं पॅड त्यांनीच आणलं होतं, मला पेन कुणी दिलंच नाही. घरात अजून दिवसकार्य व्हायचं होतं.

तर पहिली गोष्ट, तो कागद रद्दी आहे. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ चा, त्यात तेव्हापासून लिहिलंय की भरपाईचा हक्क सोडून देणारा कुठलाही करार चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, गाभा तोच आहे, पण तुमचा अपघात त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा त्याप्रमाणे अर्ज कुठल्या कायद्याखाली टाकायचा ते वकिलाला बघू द्या.

दुसरी गोष्ट, मृत्यूच्या केसमध्ये भरपाई परस्पर बाईच्या हातात देऊन मालक मोकळा होऊ शकत नाही. पैसे कामगार भरपाई आयुक्तांकडे जमा करायचे आणि कुणाला किती ते त्यांनी ठरवायचं. परस्पर दिलेल्यापैकी तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल फार तर वजा धरतात. शंभर वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही माहीत होतं की त्या आठवड्यात बाईसमोर कुठलाही कागद ठेवला तरी ती सही करते.

तिसरं, दारू. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. नशेत होता म्हणून भरपाई नाही हा बचाव किरकोळ दुखापतीत चालू शकतो, माणूस मेला असेल तर चालत नाही. प्यायला होता का नव्हता यावर वाद घालायचीच गरज नाही, आणि तरी प्रत्येक साईटवर प्रत्येक मेलेला माणूस प्यायलेलाच असतो!

आता हिशोब. मासिक पगाराच्या निम्मे गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार जास्त असला तरी १५,००० च धरतात, ती मर्यादा जानेवारी २०२० पासूनची आहे. ३५ वर्षांसाठी आकडा १९७.०६. म्हणजे त्याला महिन्याला १५,००० किंवा जास्त मिळत असतील तर ७,५०० गुणिले १९७.०६, १४,७७,९५० रुपये. दोन लाख देऊन वर उपकार केल्यासारखं बोलणारा माणूस नेमकं किती वाचवतोय ते बघा. शिवाय महिन्याभरात भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि काही कारण नसताना अडवले असतील तर ५० टक्क्यांपर्यंत दंड.

ठेकेदार म्हणेल माझ्याकडे नाहीत एवढे. नसतील, पण ज्या बिल्डरचं काम तो करत होता त्याच्याकडूनही मागता येतात, म्हणून अर्जात दोघांची नावं घाला. मुकादमाच्या वहीत नवऱ्याचं नाव नसलं तरी घाबरू नका, पोलिसांचा पंचनामा, पोस्टमार्टेम रिपोर्ट, सोबत काम करणारे दोन जण, त्याच्या मोबाईलमधले साईटवरचे फोटो, हजेरीचे मेसेज, ठेकेदाराने गुगल पेवर टाकलेली उचल, हे सगळं आजच एका पिशवीत घाला. मोबाईल विकू नका आणि मुलाला गेम खेळायला देऊ नका, रिसेट झाला की संपलं.

दोन गोष्टी तपासून घ्या. त्याचा ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, कटत होता का? कटत असेल तर हा रस्ता बंद, मग भरपाई ईएसआयसीकडून (हा विमा चालवणारं महामंडळ) दरमहा येते. आणि बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदणी होती का, कार्ड रिन्यू केलेलं होतं का? असेल तर कामावर असताना मृत्यू झाला म्हणून मंडळाची ५ लाखांची मदत वेगळी, तिचा ठेकेदाराशी संबंध नाही.

वकिलासाठी पैसे नाहीत असं तुम्ही शेवटी लिहिलंय. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात महिलेला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, फोन १५१००. मिळालेल्या रकमेतले २५ टक्के दे म्हणणारा वकील भेटला तर उठून या, निकालाच्या रकमेत वाटा मागायची आम्हाला परवानगी नाही, काही जण मागतात ही आमच्याच धंद्याची लाज आहे.

भाऊजी कंपनीत लागून आठच दिवस झाले होते, मशीनवर अपघात होऊन गेले. एचआर म्हणतं ईएसआयला इतके दिवस भरावे लागतात, काही मिळणार नाही.

इतके दिवस भरायची अट आजारपणाच्या रजेला आणि बाळंतपणाच्या लाभाला आहे. कामावरच्या अपघाताला पहिल्या दिवसापासून संरक्षण, अवलंबितांना मिळून पगाराच्या ९० टक्क्यांच्या दराने दरमहा. कंपनीने अपघाताचा रिपोर्ट ईएसआयकडे पाठवलाय का ते ब्रँच ऑफिसला जाऊन बघा. नाव अपघातानंतर घाईघाईने नोंदवलं असेल तर तारखांवरून वाद होतो, मग वकील लागेलच.

सासरे ५४ व्या वर्षी गेले, आम्ही दारिद्र्यरेषेखाली आहोत. २०,००० मिळतात म्हणे, पण एजंट ५,००० मागतोय. आणि सासूबाईंच्या निराधारसाठी २१,००० चा दाखला करून देतो म्हणतो.

२०,००० खरे आहेत, राष्ट्रीय कुटुंब अर्थसहाय्य, कमावता माणूस १८ ते ५९ मध्ये गेला आणि घर दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर एकदाच. अर्ज तहसीलला, ५,००० कशाचे? एजंट जे करतो ते एवढंच, मृत्यूचा दाखला, यादीचा दाखला, बँक पासबुक यांच्या झेरॉक्स फॉर्मला टाचतो.

दाखल्याचं मात्र नीट ऐका. निराधार योजनेला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कुठलं घर चालतं हो? शेतमजुरी करणारी एकटी बाईसुद्धा यात बसत नाही, म्हणून खरं सांगणारी बाहेर राहते आणि खोटं सांगायला लावणारा बाहेर दुकान मांडतो. मर्यादा वाढली तर अर्धे एजंट बेकार होतील असं माझं मत आहे. पण मत बाजूला ठेवून वकील म्हणून सांगते, खोटा दाखला जोडू नका, पुढे पडताळणी झाली तर वसुली सासूबाईंच्या नावाने निघते, एजंटच्या नाही. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे ना, मग त्याच दाखल्यावर अर्ज होतो. आणि आधी कुणी काढलेल्या दाखल्यात सासऱ्यांची कमाई धरलेली असेल तर ते आता नाहीत हे तलाठ्याला लेखी कळवून नवीन दाखला घ्या.

मुलांना बालसंगोपनचे पैसे मिळतात का? मी आहे, म्हणजे ती अनाथ नाहीत.

अनाथच असावं लागत नाही, एक पालक गेला असेल तरी अर्ज करता येतो. महिन्याला २,२५०, मूल १८ चं होईपर्यंत. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जा, पुढचा आदेश बालकल्याण समिती देते.

मिस्टरांचा काही विमा नव्हता. तरी बघावं का कुठे?

बँकेचं पासबुक भरून आणा आणि मे-जूनच्या ओळी वाचा. सरकारी विमा योजनांचे हप्ते तिथे कापलेले असतात, २० रुपये दिसले तर अपघाती मृत्यूचे २ लाख, ४३६ दिसले तर कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. खातं उघडताना कुणीतरी टिक केलेलं असतं आणि घरात कुणाला पत्ता नसतो. बँकेत लगेच लेखी क्लेम द्या आणि खातं बंद करायची घाई अजिबात करू नका.

भाऊ साईटवर शॉक लागून गेला त्याला एक वर्ष दहा महिने झाले. पोलीस केस चालू आहे, तिचा निकाल लागला की भरपाईचा क्लेम करू असं घरात ठरलंय. बरोबर ना?

चूक. कोणी ठरवलं हे? पोलीस केस वेगळी, भरपाई वेगळी, एकीचा निकाल दुसरीला लागत नाही. क्लेमला मुदत मृत्यूपासून दोन वर्षं आहे, म्हणजे तुमच्याकडे दोन महिने उरलेत आणि पोलीस केस तोपर्यंत साक्षीदारांपर्यंतसुद्धा पोचणार नाही. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होतो, पण "निकालाची वाट बघत होतो" हे कारण किती जण मान्य करतील यावर मी माझ्या अशिलाचे पैसे लावणार नाही. अर्ज तुमच्या नावाने नाही, वहिनी, मुलं आणि अवलंबून असतील तर आई-वडील यांच्या नावाने. सोमवारी वहिनींना घेऊन विधी सेवा प्राधिकरणात जा, एफआयआर आणि पोस्टमार्टेमची कॉपी असेल तर न्या, नसेल तरी जा, आणि क्लेम दाखल झाला की शिक्का आणि तारीख असलेली पोच मागून घ्या.