इंजिनिअरिंगला असताना आपला कल नेमका कशात आहे, हे कसं ओळखावं?

तुम्ही चिकोडीचे, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. वर्गातली पोरं कोडिंगच्या क्लासला पळताहेत आणि आपलं मन कशात लागतं तेच कळेना, एम.टेक. केल्यावर कळेल का, असं विचारलंय. नाही कळणार. आणखी दोन वर्षं बाकावरच बसून काय वेगळं दिसणार आहे?

मीही बेळगावात व्हीटीयूचंच, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं, मेकॅनिकल केलं. 'तुला यातलं काय आवडतं रे?' असं एकाही सरांनी विचारलं नाही. बॅकलॉग किती आणि प्लेसमेंट कुठे, एवढंच. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी उद्यमबागेत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात गेलो. तिथे एक वयस्कर मिस्त्री पंपाच्या केसिंगचा, बाहेरच्या कवचाचा, सागवानी पॅटर्न करत होते; पॅटर्न म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना. त्यांची पट्टी सहज माझ्या पट्टीला लावून बघितली, तर त्यांचा मीटर सेंटिमीटरभर लांब! बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरला साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा लागतो. तो हिशोब पट्टीतच आखलेला. मग त्यांनी उभ्या बाजूचा उतार माझ्या बोटाखाली दिला. "ह्यो दिला नाही तर पॅटर्न काढताना वाळू संगट येती की ओ." मार्कांपुरता पाठ केलेला ड्राफ्ट अँगल असा हाताला लागला. प्रोजेक्ट संपला, माझं तिकडे जाणं काही थांबलं नाही.

पुण्याच्या आयटी कंपनीचं ऑफर लेटर मी नाकारलं आणि पॅटर्नचंच काम धरलं. तर थोरले काका लग्नाच्या पंगतीत, चारचौघांत म्हणाले, "रंधाच मारायचा होता तर आयटीआय करायचं होतंस, बापाचा पैसा कशाला घालवलास?" त्यांचा मुलगा मेकॅनिकल होऊन बँकेचं ॲप टेस्ट करतो, त्याची डिग्री मात्र कामी आली म्हणे! मी रोज ड्रॉइंग वाचतो, कॅडवर मॉडेल करतो, राउटरवर, म्हणजे लाकूड कोरायच्या मशीनवर, पॅटर्न कापतो. कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, तडा गेला की पातळ भिंत जाड भागाला कुठे मिळते ते शोधत बसतो. माझ्याकडची आयटीआयची पोरं मला शिकवतात सुद्धा. आयटीआय ही शिवी कधीपासून झाली? असो.

तुमचं बोलायचं तर इंटर्नशिप सक्तीची आहेच, ती ओळखीनं सर्टिफिकेट आणून उरकू नका. तुमच्या भागात साखर कारखाने आहेत. गळीत हंगाम संपला की मिलचे रोलर खोलतात, तेव्हा फिटरबरोबर उभे राहा. हात ग्रीसनं भरल्यावरही दुसऱ्या दिवशी जावंसं वाटतं का बघा. कन्नड कच्चं असेल तर तेही तिथेच सुधारेल.

एक मात्र सांगायला हवं. आमच्या घरी ऊस होता, वडिलांनी सुरुवातीची काही वर्षं कमाईचं नाव काढलं नाही. तुमच्यावर शैक्षणिक कर्ज असेल तर आधी मिळेल ती नोकरी धरा, त्यात कमीपणा नाही. काकांच्या मुलाचंही तसंच आहे, फ्लॅटचे हप्ते आहेत त्याला.