मोबाइलवर सगळे व्हिडिओ फुकट मिळत असताना ट्रॅक्टरचं छापील रिपेअर मॅन्युअल विकत घेण्यात अर्थ आहे का?

आहे, आणि ट्रॅक्टर जितका जुना तितका जास्त. फक्त आधी एक स्पष्ट करतो. नव्या ट्रॅक्टरसोबत जे पुस्तक मिळतं ते हे नव्हे. त्यात तेल कोणतं, किती लिटर आणि किती तासांनी बदलायचं, एवढंच असतं. मी म्हणतोय ते वर्कशॉप मॅन्युअल: इंजिनापासून मागच्या एक्सलपर्यंत काय कसं उघडायचं, उघडल्यावर काय मोजायचं आणि कोणत्या क्रमाने परत बसवायचं, हे सांगणारं.

व्हिडिओला मी नावं ठेवत नाही. हात कुठून घालायचा, पाना कसा धरायचा, हे बघूनच कळतं. अडचण अशी की व्हिडिओतला ट्रॅक्टर तुमचा नसतो. मॅसी फर्ग्युसन 35 चंच बघा. सुरुवातीच्या डिझेल गाड्यांना स्टँडर्ड कंपनीचं चार सिलिंडरचं इंजिन होतं; 1959 च्या अखेरीपासून पर्किन्सचं तीन सिलिंडरचं आलं. बॉनेटवरचा आकडा तोच राहिला, आतलं इंजिन बदललं. त्या पर्किन्स इंजिनाचा टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, थंड असताना 0.30 मि.मी. आणि गरम असताना 0.25 मि.मी. ठेवायचा असतो. व्हिडिओतला माणूस फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून "एवढं ठेवा" म्हणतो आणि पुढे जातो. इंजिन थंड होतं की गरम, हे बऱ्याचदा राहूनच जातं. गॅप कमी राहिला तर व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि व्हॉल्व्ह जळतो.

पण मॅन्युअलची खरी किंमत मला वाटते ती दुसरीकडे आहे. कुठला पार्ट बदलायचा नाही, हे ते सांगतं. प्रत्येक विभागात झिजेची मर्यादा दिलेली असते: क्लच प्लेट इतकी पातळ होईपर्यंत चालेल, जर्नल (क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) इतका झिजला तर घासून घ्या, अमुक बेअरिंगचा खेळ इथपर्यंत ठीक. मोजमाप हातात नसेल तर माणूस शंकेपोटी सगळंच नवं घालतो.

लिफ्टचं, म्हणजे मागचं अवजार उचलणाऱ्या हायड्रॉलिक्सचं, उदाहरण देतो, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे वाया जाताना मी बघितलाय. अवजार वर धरून ठेवलं जात नाही, हळूहळू खाली येतं. लगेच निदान होतं, "पंप गेला." मॅन्युअलमधला दोषांचा तक्ता उघडला की तो आधी विचारतो: इंजिन बंद केल्यावरही अवजार खाली येतं का? येत असेल तर पंपाला दोष देऊन उपयोग नाही, इंजिन बंद असताना तो फिरतच नाही. तेल सिलिंडरच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हमधून निसटतंय. उलट, रिकामी लिफ्ट उचलते पण वजन लावलं की थांबते, तर क्रम वेगळा: तेलाची पातळी, मग गाळणी, मग गेज लावून रिलीफ व्हॉल्व्हचं (जादा दाब सोडून देणाऱ्या व्हॉल्व्हचं) प्रेशर, आणि सगळ्यात शेवटी पंप. काम तुम्ही स्वतः केलं नाहीत तरी मेस्त्रीला "गेजवर किती प्रेशर आलं?" एवढं विचारता आलं, तरी पुस्तकाचे पैसे वसूल होतात.

दुसरा भाग जिवाशी संबंधित आहे. बऱ्याच ट्रॅक्टरांना वेगळी चॅसी नसते. इंजिन आणि गिअरबॉक्सचं कास्टिंग हाच सांगाडा. म्हणून क्लच बदलायला ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डुलतो. त्यामुळे बोल्ट सोडण्याआधी एक्सल आणि त्याच्या ब्रॅकेटमध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या असतात, नाहीतर सुटलेलं इंजिन एका अंगावर कलंडतं. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये ही पायरी बोल्ट सोडण्याच्या आधी येते. व्हिडिओत पाचरी कोपऱ्यात दिसतात, त्या कशासाठी आहेत हे कोणी बोलत नाही.

आता छापीलच का? शेतात नेटवर्क नसतं आणि ग्रीसच्या हाताने मोबाइलची स्क्रीन चालत नाही, ही कारणं आहेतच. त्याहून मोठं कारण म्हणजे फुकट फिरणाऱ्या पीडीएफ बहुधा जुन्या पुस्तकाच्या स्कॅन असतात आणि त्यात 3 चा 8 दिसतो. हेड बोल्टच्या टॉर्कमध्ये, म्हणजे तो किती जोराने आवळायचा त्या आकड्यात, असा घोळ झाला की बोल्ट तुटतो नाहीतर गॅस्केट जातं. शिवाय पुस्तकाच्या समासात लिहिता येतं. कोणत्या तासाला काय उघडलं, किती जाडीचा शिम (फट भरायची पातळ चकती) निघाला आणि कितीचा घातला, हे मी त्या त्या पानावरच पेन्सिलने लिहितो. ट्रॅक्टर विकला तर पुस्तक त्याच्याबरोबर जावं, असं मला मनापासून वाटतं.

नव्या कॉमन रेल ट्रॅक्टरांचं, म्हणजे ज्यांत एकाच नळीतून सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाचं डिझेल जातं आणि ते कॉम्प्युटर सांभाळतो त्यांचं, मात्र वेगळं. फॉल्ट कोड वाचायला सॉफ्टवेअर लागतं, ते पुस्तकात मावत नाही. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात 1 जानेवारी 2024 पासून शेती यंत्रांच्या कंपन्यांना मॅन्युअलसोबत दुरुस्तीचं सॉफ्टवेअर आणि साधनंही मालकाला उपलब्ध करून द्यावी लागतात, ती यामुळेच. तरीही मॅन्युअल वाचाच. जुन्या इंजिनात हवा काढायला इंजेक्टरचे नट ढिले करायची सवय आपल्याला असते. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब 1000 बारच्या वर जाऊ शकतो. चालू इंजिनावर तसा नट सोडला तर ते कातडीतून आत शिरतं.

घेताना मॉडेलच्या नावावर जाऊ नका. प्लेटवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर लिहून घ्या आणि मॅन्युअल कोणत्या नंबरांपासून लागू आहे ते पहिल्या पानांत तपासा. हायड्रॉलिक्स, गिअरबॉक्स आणि वायरिंगची आकृती अनुक्रमणिकेत नसेल तर ते अर्धंच पुस्तक आहे. अनेक मॉडेल एकत्र केलेली स्वस्त पुस्तकं इंजिनापुरती ठीक असतात, पण लिफ्टपाशी आली की बहुतेक दोन पानांत आटपतात. पैसे उरले तर पार्ट कॅटलॉगही घ्या. त्यातल्या सुट्या भागांच्या चित्रांमुळे वॉशर आधी की स्प्रिंग आधी, हा प्रश्न लगेच सुटतो.