तीन महिन्यांच्या बाळाला ओठाच्या ऑपरेशनसाठी पूर्ण भूल सोसेल का?

तुमचं बाळ तीन महिन्यांचं आहे, वरचा ओठ जन्मापासून दुभंगलेला आहे आणि सर्जननी ऑपरेशनची तारीख दिली आहे. भुलीचा मेंदूवर परिणाम होईल का, वर्षभर थांबावं का, असं तुम्ही विचारलंय. मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझं बहुतेक काम लहान मुलांचंच असतं. बाळाचं वजन, हिमोग्लोबिन आणि छाती ठीक असेल तर नुसत्या भुलीच्या भीतीने थांबू नका.

मेंदूबद्दलची शंका हवेतली नाही. प्राण्यांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत भुलीच्या औषधांनी वाढत्या मेंदूला इजा झालेली दिसली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, इशारा दिला, तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा दिलेल्या भुलीबद्दल. पुढे २०१९ मध्ये ‘गॅस’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. हर्नियाचं ऑपरेशन असलेल्या तान्ह्या बाळांपैकी काहींना पूर्ण भूल दिली होती, तर काहींना जागं ठेवून फक्त शरीराचा खालचा भाग बधिर केला होता. पाचव्या वर्षी दोन्ही गटांचा बुद्ध्यांक सारखाच निघाला. ती भूल जेमतेम तासाभराची होती. ओठाच्या ऑपरेशनला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि टाळूही दुभंगलेली असेल तर पुढे दुसऱ्यांदा भूल द्यावी लागेल, हे खरं आहे. पण टाळूचं ऑपरेशन फार लांबलं तर मुलाचं बोलणं बिघडतं, आणि नंतर ते सुधारणं कठीण जातं.

मला काळजी असते ती श्वासाची. बाळाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, श्वासनलिका अरुंद आणि ऑक्सिजनचा साठा अगदी थोडा. त्यामुळे श्वास अडला तर मोठ्या माणसापेक्षा फार लवकर ऑक्सिजन उतरतो. म्हणून तपासताना मी ओठाआधी बाळाचा चेहरा बाजूने बघते. हनुवटी खूप मागे आणि जबडा लहान असेल तर श्वासनलिकेत नळी घालणं अवघड जातं, त्याची वेगळी तयारी लागते. एक व्यंग असलं की दुसरं असू शकतं, म्हणून हृदयाच्या ठोक्यात वेगळा आवाज आला तर आधी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतो.

दोन गोष्टी मात्र तुमच्या हातात आहेत. तारीख हुकेल म्हणून सर्दी लपवू नका, गेल्या दोन-तीन आठवड्यांत होऊन गेलेलीसुद्धा. सर्दीने श्वासमार्ग चिडलेला असतो आणि भूल देताना स्वरयंत्र एकदम आकसू शकतं. दुसरी गोष्ट उपाशी ठेवण्याची. सर्वसाधारण नियम असा: आईचं दूध ४ तास आधीपर्यंत, पावडरचं किंवा वरचं दूध ६ तास, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तर साधं पाणी २ तास आधीपर्यंत. रडतंय म्हणून घोटभर दूध पाजलं आणि ते भुलीत उलटून फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतू शकतं. उलट, रात्रीपासूनच उपाशी ठेवणंही चूक. तान्ह्या बाळाची साखर उतरते. तुमच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ घड्याळ लावून पाळा.

आत काय होतं तेही सांगते. मास्कमधून सेव्होफ्लुरेन हे हुंगायचं भुलीचं औषध देतो, बाळ झोपलं की सलाईनची सुई आणि मग नळी. ही नळी मी खालच्या ओठाच्या अगदी मधोमध, हनुवटीवर चिकटवते. ती जराशी तिरकी बसली तरी ओठ ओढला जातो आणि सर्जनचं माप चुकतं. गालातल्या नसेजवळ बधिर करणारं औषध दिलं की जागं झाल्यावर दुखणं बरंच कमी असतं. या बाळांना श्वास सोपा जावा म्हणून इंग्लंडमधल्या न्यूकॅसलचे भूलतज्ज्ञ फिलिप एअर यांनी १९३७ मध्ये टी-आकाराची, बिनझडपेची जोडनळी सुचवली. त्यांचा स्वतःचा ओठ आणि टाळू जन्मतः दुभंगलेले होते. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

सही करण्याआधी भूलतज्ज्ञांना स्वतः भेटा. वर्षाखालच्या बाळांना ते नियमित भूल देतात का, गरज पडली तर मुलांचा आयसीयू तिथेच आहे का, आणि बाळ जागं होताना तुम्हाला जवळ थांबू देतील का, हे विचारा. उत्तरं गुळमुळीत मिळाली तर दुसरीकडे चौकशी करा. ओठाच्या ऑपरेशनला तेवढी सवड असते.