फ्रेटबोर्डला तेल लावण्याआधी

फ्रेटबोर्ड म्हणजे गिटारच्या मानेवरची, तारांखालची लाकडी पट्टी. आधी तिचं लाकूड ओळखा. रोझवूड किंवा एबनी असेल तरच तेल लावा. चकचकीत लॅकर दिलेल्या मेपलवर तेल मुरतच नाही, तिथे ओलसर फडकं पुरे.

तारा बदलतानाच हे काम करा. फ्रेटच्या (पट्टीवरच्या आडव्या धातूच्या कडांच्या) बाजूला साचलेला मळ जुन्या मऊ टूथब्रशने काढा. फारच घट्ट असेल तर ०००० नंबरची स्टील वूल (लोखंडाच्या अगदी बारीक तारांचा बोळा) लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने. इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअप (तारांखालचे, आवाज टिपणारे चुंबकाचे भाग) टेपने झाका, नाहीतर लोखंडाचा चुरा चुंबकाला चिकटतो आणि निघता निघत नाही.

मग फ्रेटबोर्डसाठीच्या लेमन ऑइलचे चार-पाच थेंब कापडावर घ्या, थेट लाकडावर ओतू नका. पाच मिनिटांनी उरलेलं सगळं पुसा. खोबरेल किंवा मोहरीचं तेल अजिबात नको, ते कालांतराने खवट आणि चिकट होतं. वर्षातून एक-दोनदा पुरे. पावसाळ्यात तर गरजच नसते.