बाबा खोकला दाबत होते

"माझ्यामुळे त्यांना काही झालं तर?"

2020 आणि 2021 मध्ये फोनवर समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला की पुढेपुढे फोन उचलतानाच तो कानात वाजायचा. 5 मे 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेने कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, पण प्रश्न काही संपला नाही. घरात कुणाची केमोथेरपी चालू असते, कुणाची किडनी बदललेली असते, कुणाची फुप्फुसं आधीच थकलेली असतात. अशा घरांत प्रत्येक साथीला तो पुन्हा उभा राहतो. म्हणून ही एक केस लिहितेय. घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायची. रोज तपासणीचे नमुने हातात. घरी नवरा, दहा वर्षांचा मुलगा आणि बहात्तर वर्षांचे वडील. वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांचा जुनाट आजार, शिवाय मधुमेह. तिची भीती हवेतली नव्हती, हे आधीच सांगते. "उगाच घाबरू नका" असं तिला म्हणणं खोटेपणाचं झालं असतं.

पहिल्या फोनवर तिने दिवसभरात काय काय करते ते सांगितलं. बाबा मागच्या खोलीत. ताट दाराशी ठेवायचं, दार वाजवायचं आणि मागे सरकायचं. बाहेरून येणारं प्रत्येक पाकीट धुवायचं, वर्तमानपत्र बंद. बोटाला ऑक्सिमीटर दिवसातून तीस-चाळीस वेळा. मुलाला ताकीद दिलेली, "आजोबांच्या जवळ गेलास तर त्यांना काहीतरी होईल." मुलगा आता खोलीच्या दारावरूनसुद्धा पळत जातो, हे तिने जाता जाता सांगितलं, जणू ती शिस्तीची गोष्ट होती. आणि तिचे स्वतःचे हात धुऊन धुऊन भेगाळले होते.

माझी चूक इथे झाली. तीन सत्रं मी फक्त तिच्याशीच बोलत राहिले. भीतीचं चक्र कसं चालतं, मोजल्यावर दोन मिनिटं बरं वाटतं आणि पुन्हा मोजावंसं वाटतं, हे समजावत राहिले. सगळं बरोबर होतं. पण ज्या माणसासाठी हा सगळा पहारा होता, त्याला मी एकदाही फोनवर घेतलं नव्हतं.

चौथ्या वेळी म्हटलं, "बाबांशी बोलू का?" ती कचरली. मग फोन खोलीत गेला, दार लावल्याचा आवाज आला.

काका आधी हवापाण्याचं बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, हिला सांगू नका. मी उशी तोंडावर धरून खोकतो."

का, ते विचारावं लागलं नाही. त्यांना खोकला वर्षानुवर्षं होताच, तो त्या आजाराचाच भाग. पण आता एकदा खोकलं की दाराबाहेर धावपळ, तपासणी, रडणं. म्हणून ते दाबायला शिकले होते. दोनदा चक्कर आली तेही सांगितलं नव्हतं. पाय लटपटत होते, कारण सात महिने ते पलंग आणि न्हाणीघर एवढंच चालत होते. नेहमीच्या डॉक्टरांची भेट तिने दोनदा पुढे ढकलली होती, "आता तिकडे जाणं म्हणजे धोका" म्हणून, त्यामुळे साखर शेवटची कधी तपासली ते त्यांना आठवतही नव्हतं.

मी थोडा वेळ गप्प बसले. ज्या घरात इतकी काळजी घेतली जात होती, तिथला सगळ्यात मोठा धोका हा होता की खरंच काही झालं असतं तर ते कुणाला कळलंच नसतं. म्हाताऱ्या माणसात आजार नेहमी तापाने सुरू होतो असंही नाही. कधी नुसतं खाणं सुटतं, कधी तोल जातो, कधी माणूस एकदम गोंधळल्यासारखं बोलतो. हे ओळखायचं तर माणसाने मोकळेपणी सांगायला हवं, आणि सांगायचं तर ऐकणाऱ्याने किंचाळायला नको.

मुलीला हे सांगावं, अशी त्यांची परवानगी मी मागून घेतली. तिला सांगितलं तेव्हा ती आधी चिडली ("म्हणजे मीच वाईट?") आणि मग बराच वेळ रडली.

त्यानंतर खरं काम सुरू झालं. आधी ऑक्सिमीटर. तिने ऐकलं होतं की चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की धोका. बाबांचा आकडा एरवीसुद्धा एक्क्याण्णव-ब्याण्णवच असायचा, त्यामुळे ती दिवसातून चाळीस वेळा घाबरायची. सीओपीडीच्या बऱ्याच रुग्णांचा नेहमीचा आकडा मुळातच कमी असतो. त्यांच्यासाठी धोक्याची रेघ कुठे, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं असतं. तिने फोन करून विचारलं, आकडा कागदावर लिहून भिंतीला लावला. मोजणी दिवसातून दोनदा, हात गरम करून, कारण गार बोटांवर यंत्र चुकीचं दाखवतं. आणि मोजायचं बाबांनी स्वतः.

मग खोली. खिडकी उघडी असते का, असं मी विचारलं तर म्हणाली, "नाही हो, धूळ येते." विषाणू मुख्यतः श्वासातून, बंद हवेतून पसरतो, हे 2021 पर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट झालं होतं. पाकिटं धुण्यात तिचा रोज तासभर जात होता आणि हवेकडे कुणाचं लक्षच नव्हतं. खिडकी उघडली, समोरचं दार उघडं ठेवलं. खोलीत जाताना तिने नीट बसणारा एन-95 लावायचा, बाकीच्यांनीही. पाकिटं धुणं बंद. रॅपिड तपासणी निगेटिव्ह आली म्हणजे मोकळं, हा समजही काढावा लागला. तपासणीच तिचं काम असूनही घरच्या बाबतीत ती हे विसरायची. लागण झाल्यावर पहिले काही दिवस ती तपासणी चुकू शकते, आणि लक्षणं दिसायच्या आधी एक-दोन दिवस माणूस दुसऱ्याला संसर्ग देऊ शकतो. म्हणून कुणाशी संशयास्पद संपर्क आला तर तपासणीच्या निकालावर न विसंबता थोडे दिवस अंतर ठेवायचं, एवढंच ठरलं.

हात मात्र माझ्या आवाक्याबाहेरचे होते. भेगा पडेपर्यंत धुणं हे नुसतं काळजीचं लक्षण राहिलेलं नसतं. तिला मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, ती गेली, औषधं सुरू झाली. समुपदेशकाने कुठे थांबायचं हेही सांगायला हवं, म्हणून लिहिलं.

राहिला मूळ प्रश्न, "माझ्यामुळे." तिला एक गोल काढायला सांगितला. बाबांना लागण झालीच तर त्याला काय काय कारणीभूत असेल, ते सगळं लिहायचं आणि प्रत्येकाला गोलातला वाटा द्यायचा. अट एकच, स्वतःचं नाव शेवटी. नवऱ्याचं ऑफिस, मुलाची शाळा उघडणं, बंद खिडकी, बाबांचा जुना आजार, साथ किती पसरली आहे, लस मिळाली की नाही, आणि नुसता योगायोग. बाबा स्वतः घेतात ते निर्णय हेही तिने लिहिलं, जरा अडखळत. शेवटी तिच्यासाठी राहिली ती एक फाक. ती फाक शून्य नव्हती. ती शून्य आहे असं मी म्हणालेही नाही. ड्यूटीवरून आल्यावर कपडे बदलणं, मास्क, खिडकी हे त्या फाकेत येतं, तेवढं ती करतच होती.

मुलाशी बोलायचं काम बाबांनी अंगावर घेतलं. खिडकीच्या बाहेर उभं राहून नातू रोज वीस मिनिटं त्यांच्याशी पत्ते खेळू लागला. पहिल्या दिवशी त्याने विचारलं म्हणे, "मी मास्क लावलाय, तरी तुम्ही मरणार का?" बाबांनी काय उत्तर दिलं ते मला कुणी सांगितलं नाही.

दिवसातून तीन वेळा खोलीत दहा-दहा मिनिटं चालणं, औषधांची यादी, एक भरलेली बॅग दाराशी, हेही ठरलं. गंभीर झालो तर काय करायचं, काय नाही, हेही बाबांनी एका संध्याकाळी सांगून टाकलं. मुलगी ते ऐकायला तयार नव्हती, पण ऐकलं.

लसीचा पहिला डोस झाला आणि आठवड्याच्या आत बाबांना लागण झाली. प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण दोन आठवडे तरी लागतात, तेवढा वेळ मिळाला नाही. कुठून आली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. रात्री पावणेदोनला त्यांनी स्वतः भिंतीवर थाप मारली आणि सांगितलं, "घसा खवखवतोय आणि आकडा सत्त्याऐंशी आहे." भिंतीवरच्या रेघेच्या खाली. तासाभरात ते रुग्णालयात होते. नऊ दिवसांनी घरी आले.

पण मला तो निघतानाचा फोन आठवतो. ती गाडीत बसायच्या बेतात होती, आवाज थरथरत होता. म्हणाली, "बहुतेक मीच..." आणि थांबली. मी काहीच बोलले नाही. मागून काकांचा धापा टाकत काहीतरी सांगण्याचा आवाज आला.

"कालचं वर्तमानपत्र मागतायत," ती म्हणाली. "बॅगेत घालते. ठेवते हं फोन."